कोण अ‍ॅबस्कॉन्ड?

आमचा एक दोस्त. वडिलांना अ‍ॅडमिट केल्याचा फोन आला, तसा पुण्याहून रातोरात हदगाव गाठलं. गडबडीत ऑफिसला कळवायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी एचआरचा मेल : ‘यू आर अ‍ॅबस्कॉन्डिंग.’ माय विचारते, म्हणजे काय रे? हा म्हणतो, ‘फरार.’ माय गारच! ‘पोलीस येतेत का आता?’

बॉस, शब्द जपून वापरा. अ‍ॅबस्कॉन्ड आला लॅटिनमधून, ‘लपवणं’ या अर्थाच्या शब्दावरून. जिवाच्या भीतीने पळणं म्हणजे ‘फ्ली’, तावडीतून निसटणं म्हणजे ‘एस्केप’. अ‍ॅबस्कॉन्डमध्ये गुपचूप पसार होऊन दडून बसणं आलं. कॅशियर रोकड घेऊन गायब झाला, तर ‘ही अ‍ॅबस्कॉन्डेड विथ द कॅश’. ‘ही वॉज अ‍ॅबस्कॉन्डेड’ मात्र चूक!

आणि कायदा? वॉरंट निघालेला माणूस लपलाय असं वाटलं, तर कोर्ट जाहीरनामा काढतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४नुसार त्यालाही हजर व्हायला किमान ३० दिवस मिळतात. आमच्या दोस्ताला तीन!

न कळवणं ही त्याची चूकच. पण तिचं नाव ‘अ‍ॅबसेंट विदाउट नोटीस’. तो लपला नव्हता हो, बापाच्या उशाशी बसला होता.