मांडवीला दिवे हवेत, पण तोंड खाली करून!

मांडवीवर आणखी दिवे लावा असं कोणी म्हटलं की आपण सगळेच माना डोलावतो. दिवे हवेतच. जेट्टीवर, पायऱ्यांवर, बायामुलं चालतात तिथे तर हवेतच. पण त्यांचा उजेड पायाखाली पडू दे, आभाळात नको. का, ते सांगतो.

मंगळ आणि गुरूच्या मध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. त्यातल्या काही दगडांना स्वतःचा चंद्र असतो. असा पहिला चंद्र मिळाला तो 'गॅलिलिओ' यानाने २८ ऑगस्ट १९९३ रोजी 'आयडा'जवळून जाताना काढलेल्या फोटोंत. जेमतेम दीड किलोमीटरचा, लोणारच्या विवरात मावेल एवढा. त्यासाठी यान तिथवर जावं लागलं.

आता दुसरा लघुग्रह, ४३३७ अरेसिबो. व्यास साधारण २४ किलोमीटर, म्हणजे आरे-वारेमार्गे इथून गणपतीपुळं जेवढं लांब, जवळपास तेवढा. मे २०२१ मध्ये तो एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ऑस्ट्रेलियात डेव्हिड गॉल्ट आणि पीटर नोसवर्दी हे दोन हौशी निरीक्षक दुर्बीण लावून बसले. तारा एकदा विझायला हवा होता, तो दोनदा विझला! जूनमध्ये कॅलिफोर्नियातही तसंच दिसलं. अरेसिबोला सुमारे १३ किलोमीटरचा सोबती निघाला. यान नाही, रॉकेट नाही.

यातली खरी मेख ऐका. अशा वेळी लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून सरकते, आणि तिचा पट्टा जवळपास त्या दगडाएवढाच रुंद असतो. पट्टा कोकणातून गेला तर पुण्याजवळच्या गिरवलीच्या मोठ्या दुर्बिणीलाही काही दिसणार नाही. ते टिपायला माणूस इथलाच लागतो. मध्यम दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा, जीपीएसची अचूक वेळ, आणि डोक्यावर काळोख. पावसाळा संपला की आपलं आभाळ स्वच्छ असतं, समोर समुद्र मोकळा. आपण तेच उजेडाने धुऊन टाकायचं का?

शहरात तारांगण झालं, चांगलंच झालं. पण घुमटातले तारे बघून पोरांनी बाहेर आल्यावर खरे तारे कुठे शोधायचे?

मागण्या दोनच. किनाऱ्यावरच्या दिव्यांना वरून झाकणं बसवा. आणि शाळांच्या पोरांसाठी असा एक दुर्बीण-कॅमेऱ्याचा संच घ्या. मच्छीमारांच्या आणि बंदराच्या गरजेच्या दिव्यांना हात लावा असं कोणीच म्हणत नाही.

रत्नागिरीकरांनो, पटत असेल तर आपापल्या नगरसेवकाला एवढं विचारा: नवीन दिव्याचं तोंड कुठे असणार?