आईची अंघोळ, माझी धडधड

दिवाळीला बीडला गेले, तर बाबांनी कौतुकाने नवा गॅस गीझर दाखवला. "लाइट गेली तरी पाणी कढत!" खरंय, त्याची ठिणगी दोन सेलवर पडते. पण बसवला होता बाथरूमच्या आत. आणि थंडी नको म्हणून झरोक्याला पुठ्ठा!

आई सहज म्हणाली, "हल्ली न्हाताना गरगरतं गं. बाहेर आलं की बरं वाटतं. बीपी असेल." माझ्या पोटात गोळाच आला. कोंदट जागेत गॅस धड जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घालतात. याला वास नाही, रंग नाही.

"फिटर काय येडा आहे का?" बाबा तडकले. मी वाद घातला नाही (घरी जिंकायचं असेल तर घालूच नये). पुठ्ठा फाडला, आईला डॉक्टरांना दाखवलं, दुसरा मेकॅनिक बोलावला. गीझर आता मागच्या अंगणातल्या भिंतीवर, पाइपने फक्त पाणी आत. रबरी नळीच्या जागी आयएसआयची सुरक्षा नळी, तीही दर ५ वर्षांनी बदलायची. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही पाहिलं. फ्रिजवर गॅसगळतीचा नंबर चिकटवला: १९०६.

"पाणी येईस्तोवर कोमट होतं," बाबा अजून कुरकुरतात. होऊ दे!