राखेची बाजू, रिठ्याची मर्यादा

घरी केलेले म्हणजे निर्धोक, आणि झाडापासून आलेले म्हणजे नदीला चालणारे. भांडी घासण्याच्या घरगुती द्रव्यांची भलामण बहुतेक वेळा या दोन गृहीतांवर उभी असते. दोन्ही गृहीते चुकीची आहेत, आणि एटापल्लीसारख्या जंगलपट्टीतल्या तालुक्यात ते लगेच ध्यानात येते.

मोहाचेच घ्या. मोहाच्या बिया म्हणजे टोरी. तिचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन असते. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो टाकतात, आणि मग दोन-तीन आठवडे थांबून बीज सोडतात. रिठ्याचा फेसही सॅपोनिनचाच असतो. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणून रिठ्याचे पाणी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर बसून भांडी घासायला वापरू नये. ते परसात, केळीच्या बुडाशी ओतावे; तिथे मातीतले जिवाणू त्याचा निकाल लावतात. बाजारातल्या वडीतल्या रसायनांनाही हाच नियम लागू आहे. रिठ्याला त्यातून सूट कशासाठी?

दुसरा लाडका नुस्खा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा. फसफस जोरात होते, बघणाऱ्याला वाटते मळ निघाला. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हाती उरते सोडियम ॲसिटेटचे जवळजवळ निष्क्रिय पाणी. सोडा वेगळा वापरला तर चिकटा सुटतो, व्हिनेगर वेगळे वापरले तर क्षाराचे पांढरे डाग जातात. बाटलीत एकत्र भरून ठेवले की दोघांचेही काम बुडते.

‘बायो-एन्झाइम’चेही तसेच. एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिन्यांची वाट. शेवटी मिळते ते सौम्य आम्ल. साली वाया जाण्यापेक्षा हे बरेच, पण त्याला जंतुनाशक म्हणून खपवणे गैर आहे. ज्या घराच्या मागे चिंच उभी आहे, त्या घराने तांब्या-पितळेसाठी तीन महिने कशाला थांबावे? चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरची काळपट पुटे दोन मिनिटांत काढते.

आता उलट बाजू. ‘राख ही गरिबीची खूण, सुशिक्षित घरात लिक्विड हवे’ असे म्हणणाऱ्यांचेही म्हणणे टिकत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या ताटावर राख पडली की पाणी अल्कधर्मी होते, तेलाचा थोडा भाग जागच्या जागी साबणात बदलतो आणि उरलेला राखेचे बारीक कण ओढून घेतात. राख चाळून घेतली आणि धानाच्या तणसाची मूठ वळून घासले, की मटणाच्या रश्शाचे लोखंडी भांडे फेसाचा थेंब न वापरता कोरडे, खरखरीत लागते. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. तेल सुटणे म्हणजे स्वच्छता.

राखेची शिफारस मात्र आंधळेपणाने करता येणार नाही. जर्मनच्या गंजावर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर, ती वापरू नये: ॲल्युमिनियमला अल्क खाते, भांडे काळवंडते आणि झिजते. तिथे रिठाच बरा. राखेने जंतू मरतात असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. राखेने हात धुण्याबद्दलच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये आढावा घेतला, तेव्हा निश्चित निष्कर्ष काढण्याइतका पुरावा हाती लागला नाही. घरात जुलाब लागलेले माणूस असेल तर त्याची भांडी उकळत्या पाण्यातून काढावीत आणि उन्हात वाळवावीत. शिवाय राख कोणत्या चुलीतली, हेही पाहायला हवे. ज्या चुलीत प्लास्टिकच्या पिशव्या पेटवणाला जातात, तिची राख ताटाला लावण्याजोगी नसते. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आल्यापासून अनेक घरांत सिलिंडर पोचला आहे. तिथे राख तेवढी उरतही नाही, म्हणून रिठ्याचे महत्त्व वाढते. रिठ्याच्या बिया काढून साले रात्रभर भिजवावीत, सकाळी उकळून गाळावीत. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडेच करावे.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. विहीर शुद्ध करायला ग्रामपंचायतीकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असते, आणि मोरी पांढरी करायला ती घराघरांतही पोचते. तिच्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा चिंचेचे पाणी पडले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. ‘सगळे घरचेच आहे, मिसळले तर काय झाले’ या बेफिकिरीला आवर घातल्याशिवाय कोणताही घरगुती नुस्खा कुणाला शिकवू नये.

एवढी खबरदारी घेतली तर एटापल्लीच्या बचत गटांनी शहरी नुस्खे उसने आणण्याची गरज नाही. टोरी व्यापाऱ्याला विकायची आणि साबण दुकानातून आणायचा, हा व्यवहार थांबवता येण्यासारखा आहे. शंभर ग्रॅम टोरीच्या तेलाचा साबण करायला साधारण 13 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. काम मोजकाट्यावरच करायचे, अंदाजाने नाही. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि तो सोडा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवायचा नाही. वड्या चार ते सहा आठवडे वाळवायच्या. ‘कॉस्टिक आले म्हणजे निसर्गस्नेही कसले?’ असा आक्षेप इथे हमखास येतो. प्रमाण बरोबर असेल तर मुरलेल्या साबणात कॉस्टिक उरतच नाही. ते तेलाशी संयोग पावून साबण आणि ग्लिसरीन झालेले असते.