पिपरहवाचे बुद्धधातू: निर्णय कागदावर झाला, बौद्धांना कोणी विचारले?

मे २०२५ मध्ये पिपरहवाच्या स्तूपातील रत्नांचा हाँगकाँगमध्ये लिलाव होणार होता. जगभरातील बौद्धांनी आवाज उठवला, भारताच्या सांस्कृतिक मंत्रालयाने सोथबीज या कंपनीला कायदेशीर नोटीस दिली आणि ७ मेचा लिलाव थांबला. ३० जुलैला रत्ने मायदेशी परतल्याचे जाहीर झाले. याचा आनंद सर्वांनाच झाला. पण एक प्रश्न मागे राहिला. बुद्धधातूंसोबत पुरलेली ही रत्ने एका इंग्रज कुटुंबाकडे सव्वाशे वर्षे राहिली कशी? ती कोणी रात्रीच्या अंधारात पळवली नव्हती. सरकारी पत्रव्यवहाराने, रीतसर, ती त्यांच्याकडे गेली होती.

पिपरहवा आज उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे. जानेवारी १८९८ मध्ये बर्डपूर इस्टेटीचे जमीनदार विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांनी तेथील स्तूप खोदला. आत दगडी पेटी सापडली. पेटीत पाच पात्रे, अस्थींचे तुकडे, राख आणि अठराशेच्या आसपास रत्ने, मणी व सोन्याची फुले होती. एका पात्रावर ब्राह्मी लिपीत लेख होता. त्याच्या नेमक्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यात बुद्ध आणि शाक्य हे दोन्ही शब्द आहेत.

आता कागद कसे फिरले ते पाहा. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची माहिती कलेक्टरला द्यावी लागे. म्हणजे सरकारदप्तरी धातूंची पहिली ओळख ‘गुप्तधन’ अशी झाली. गोरखपूरचे कमिशनर विल्यम होई यांच्यामार्फत विषय वायव्य प्रांताच्या सरकारकडे आणि तेथून हिंदुस्थान सरकारकडे गेला. याच सुमारास सयामचे राजपुत्र व भिक्खू जिनवरवंस तेथे आले होते. हे धातू सयामच्या राजाला द्यावेत, अशी त्यांनी विनंती केली.

सरकारला हा प्रस्ताव सोयीचा होता. ब्रिटिशांचा ब्रह्मदेश आणि फ्रेंचांचा इंडोचायना यांच्या मधोमध सयाम होता. १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका बँकॉकपर्यंत येऊन गेल्या होत्या. अशा वेळी राजा चुलालाँगकॉर्न यांची मैत्री मोलाची होती. ब्रह्मदेश आणि सिलोनच्या बौद्धांनाही वाटा द्यावा, अशी अपेक्षा ठेवून अस्थी सयामला देण्याचे ठरले. सिलोन ही वेगळी वसाहत होती, सयाम स्वतंत्र राज्य होते. त्यामुळे एका स्तूपातील धातू साम्राज्याच्या परराष्ट्र व्यवहाराचा विषय झाले. १८९९ मध्ये सयामच्या दूताने गोरखपूरला येऊन ते स्वीकारले.

रत्नांपैकी बहुतेक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. सुमारे पाचवा हिस्सा ‘दुबार नमुने’ म्हणून पेपे यांना ठेवू दिला. श्रद्धेने अर्पण केलेल्या पूजाद्रव्यात ‘दुबार’ काय असते? पण अधिकाऱ्यांच्या कागदात तो शब्द बसला आणि २०२५ चा लिलाव त्याच शब्दाच्या आधारावर उभा राहिला. गुप्तधन, भेट, दुबार नमुने: शब्द बदलत गेले तसे मालक बदलत गेले.

याच काळातील दुसरी गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. अनागारिक धम्मपाल बुद्धगयेच्या महाबोधी महाविहारासाठी लढत होते. १८९५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात निकाल महंतांच्या बाजूने गेला. महाविहार मागणाऱ्या बौद्धांना ‘ताबा तुमचा नाही’ असे ऐकावे लागले. त्यानंतर चारच वर्षांत बुद्धधातूंचे काय करायचे हे सरकारने परस्पर ठरवले. दोन्ही वेळा निर्णय घेणारे बौद्ध नव्हते.

मात्र बौद्धाचा आवाज फाइलमध्ये पोहोचला तर काय होते, याचेही उदाहरण त्याच वर्षातले आहे. सरकारी पुरातत्त्व अधिकारी फ्यूरर यांनी आपल्याला खोटे धातू दिले, अशी तक्रार ब्रह्मदेशातील भिक्खू ऊ मा यांनी लेखी केली. पत्रे दप्तरात नोंदली गेली, चौकशी झाली आणि १८९८ मध्ये फ्यूरर यांना पद सोडावे लागले. एका भिक्खूची पत्रे साम्राज्याच्या अधिकाऱ्याला भारी पडली.

आज काय स्थिती आहे? परत आलेली रत्ने उद्योगपती पिरोजशा गोदरेज यांनी विकत घेतली असून त्यांतील मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयाला उसना मिळाला आहे. रत्ने देशात आली हे चांगलेच झाले. पण मालकी खाजगी आणि दर्शन उसने, अशी ही व्यवस्था आहे. पाच वर्षांनंतर काय? या व्यवस्थेत भिक्खू संघाचे स्थान कोणते? तिकडे १९४९ च्या कायद्याविरुद्ध बुद्धगयेत फेब्रुवारी २०२५ पासून आंदोलन झाले. बौद्धांच्या पवित्र स्थळाचा कारभार कोणी पाहायचा, हा १८९५ चा प्रश्न तेथेही तसाच उभा आहे.

म्हणून दोन मागण्या आपण लेखी केल्या पाहिजेत. पहिली, पिपरहवासंबंधीचा जुना सरकारी पत्रव्यवहार एकत्र संपादित करून हिंदी-मराठीत प्रसिद्ध करावा. दुसरी, २०२५ च्या खरेदीच्या आणि उसनवारीच्या अटी जनतेसमोर ठेवाव्यात. घोषणा सभेपुरत्या असतात. अर्ज मात्र आवक क्रमांकासह दप्तरात राहतो आणि शंभर वर्षांनीही साक्ष देतो. १८९८ च्या फाइलमध्ये भारतातील बौद्धांचे म्हणणे नव्हते. २०२५ च्या फाइलमध्ये ते असलेच पाहिजे.