सिलिंडरचे हेड न उघडता

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसई-विरारमध्ये मुलांची वाटणी होते. भौतिकशास्त्र जमते ते कॉलेजात, जमत नाही ते गॅरेजात! गेली कित्येक वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवूनही मला ही वाटणी पटलेली नाही. गॅरेजातले एकच काम पाहू.

इंजिनाची प्रत्येक झडप एक स्प्रिंग ओढून बंद ठेवते. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर झडप मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे तासाला ९०,००० वेळा उघडते. एखादे दिवशी स्प्रिंग मोडते. ती असते हेडच्या वर, पत्र्याच्या झाकणाखाली; पण झडपेचे डोके असते आत, सिलिंडरमध्ये. स्प्रिंग सोडवली की झडप आत घसरणार. मग सगळे हेडच उतरवायचे? त्यात पाणी काढा, नळ्या सोडवा, नवे गॅस्केट घाला. दिवस गेला.

कुशल मिस्त्री दट्ट्या अगदी वर आणतो, स्पार्क प्लग काढतो आणि त्या भोकातून दाबाखालची हवा सोडतो. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी बनत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घ्या. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो धरा. झडपेचे डोके ३ सें.मी. व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौ.सें.मी., म्हणजे झडपेला खालून ४२ किलोंचा रेटा. आता स्प्रिंग दाबून तिची दोन चिमुकली 'लॉक' खुशाल काढावीत.

पण तीच हवा दट्ट्यालाही ढकलते ना! पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी.; म्हणजे रेटा सुमारे २१८ किलो. दट्ट्या नेमका वर असताना हा रेटा क्रँकच्या आसातूनच जातो, म्हणून फिरवू शकत नाही. दट्ट्या जरासा सरकला, की तरफेला भुजा मिळते आणि क्रँकशाफ्ट गर्रकन फिरतो. त्या वेळी पान्याशी हात असेल तर? म्हणून हा प्रयोग घरी करू नका.

मला स्वतःला दुसरी युक्ती अधिक आवडते. दट्ट्या थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरायची, एक टोक बाहेर ठेवायचे आणि क्रँक हाताने फिरवून दट्ट्या वर घ्यायचा. दोरी झडपांखाली घट्ट बसते. कॉम्प्रेसर नको, धोकाही कमी. अर्थात झडपच जळली असेल तर हेड उतरवावेच लागते. तिथे युक्ती चालत नाही.

अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या मच्छीमार बोटींची इंजिने डिझेलची. पुष्कळ डिझेल इंजिनांत दट्ट्या हेडच्या इतका जवळ येतो की सुटलेली झडप थोडीशी घसरून त्याच्याच माथ्यावर टेकते. तिथे हवाही नको, दोरीही नको!

दाब, क्षेत्रफळ, तरफ, स्थितिस्थापकता: तुमच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे या एका कामात आली. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र अजून स्प्रिंगला वजने टांगून आलेखच काढायचा असतो. भंगारातले एक इंजिन शाळेच्या प्रयोगशाळेत आणून ठेवायला काय हरकत आहे? आणि ते उघडून दाखवायला गॅरेजातल्या त्या 'न जमलेल्या' मुलालाच बोलवावे. दोरीचे एक टोक बाहेर का ठेवायचे, हे त्याला जरूर विचारा.