आधी मास्तरांच्या हातात मल्टिमीटर द्या



गॅलरीतल्या आकाशकंदिलाला लागणारी वीज कोयनेच्या पाण्यातून येते, चंद्रपूरच्या कोळशातून येते आणि अलीकडे साक्रीच्या माळावरच्या उन्हातूनही येते. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्र वीज घडवतो आहे. तरीही ‘सर, यात मला काय काम मिळेल?’ असे नववीतल्या मुलीने विचारले, तर ‘इंजिनीअर हो, नाहीतर लाइनमन’ यापलीकडे उत्तर सहसा जात नाही. दोष शिक्षकाचा नाही. त्याला हे कोणी शिकवलेलेच नसते.

अभ्यासक्रमात ऊर्जा नाही असे नव्हे. दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा स्वतंत्र पाठ आहे. पण शिकवणाऱ्याने टर्बाइन पाहिलेले नसते, इन्व्हर्टर उघडलेला नसतो. मग पाठ आकृतीला नावे देण्यावर संपतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही तेच. स्लाइड, चहा, हजेरीपत्रकावर सही आणि ग्रुपवर फोटो!

खरे प्रशिक्षण घरच्या वीजबिलापासून सुरू करता येईल. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला, तर महिन्याला २७ युनिट जळतात; २८ वॅटचा, ब्रशलेस डीसी मोटरचा (बीएलडीसी) पंखा तेवढ्याच वेळात दहाच्या आसपास. गणित आठवीचे, पण पैसा घरचा, म्हणून वर्ग जागा राहतो. पुढचा धडा अंगणात. छोटे सौर पॅनेल उन्हात धरायचे, करंट मोजायला मल्टिमीटर लावायचा आणि एकाच सेलवर हात ठेवायचा. झाकला एकच सेल, पण करंट धाडकन खाली येतो, कारण सगळे सेल एकसर जोडणीत असतात. हे ज्या शिक्षिकेने स्वतः करून पाहिले, तिला एकसर जोडणी पाठ करून घ्यावी लागत नाही. छतावर पॅनेल बसवताना पाण्याच्या टाकीची सावली का टाळतात, हेही ती सांगू शकते. आणि तिथूनच कामधंद्याची गोष्ट निघते.

कारण छताची पाहणी, जोडणी, अर्थिंग, देखभाल ही सगळी माणसांची कामे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या छतावरील सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजना आली. शेतीसाठी सौर वाहिन्या, सौर पंप आले. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, परवानाधारक वायरमन, डिप्लोमावाला, ऊर्जा लेखापरीक्षक अशा सगळ्यांना यात जागा आहे. हे वेळेवर कळले नाही, तर जमीन गावाची, ऊन गावाचे आणि गावच्या पोरांच्या वाट्याला पॅनेल पुसण्याची मजुरी! दहावीनंतर कुठला फॉर्म भरायचा, हे गावात अनेक घरे आजही शाळेतच विचारतात. म्हणून ही माहिती आधी तिथे पोचायला हवी.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षित आहे. त्यातले दहा तास ऊर्जेला द्यावेत आणि ते सभागृहात घालवू नयेत. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे शिक्षकांच्या माथी असताना हे आणखी एक ओझे ठरू नये, म्हणून बदली शिक्षक, प्रवासखर्च आणि शाळेला एक मल्टिमीटर एवढे तरी द्यायलाच हवे.

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो आहे. घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा होतीलच. यंदा संस्थाचालकांनी आणि केंद्रप्रमुखांनी त्या आठवड्यात शिक्षकांना जवळच्या वीज उपकेंद्रात न्यावे आणि तिथल्या अभियंत्याला व लाइनमनला बोलते करावे. या दिवाळी अंकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, तसेच वीज क्षेत्रातले लोकही आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ पडली, तर आमचे काम झाले.



— संपादक