खुर्ची मिळाली, आता पायही जपू या

आपल्या आधीच्या पिढ्यांनी गोदीत, गिरणीत, सफाई खात्यात आणि बांधकामावर अंग झिजवले. त्यांच्या गुडघ्यांची, कमरेची काय अवस्था झाली ते आपण घराघरांत पाहिले आहे. म्हणूनच मुलगा किंवा मुलगी शिकून ऑफिसात बसू लागली की साऱ्या वस्तीला अभिमान वाटतो. तो वाटलाच पाहिजे. पण "बसून तर काम आहे, त्यात कसला त्रास?" हे बोलणे आता आपण सोडले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसल्यावर हे काम मंदावते. संध्याकाळी पाय सुजतात, चप्पल घट्ट होते. मांड्यांचे मोठे स्नायू हलले नाहीत, तर जेवणातून आलेली साखर रक्तात जास्त वेळ राहते. पोट सुटते, मान आखडते. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर मधुमेहाचा धोका वाढला असे समजावे.

रविवारी क्रिकेट खेळणे चांगलेच, पण तेवढ्याने आठवडाभराचे बसणे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगितला. त्याबरोबरच बसण्याचा वेळही कमी करा, असे सांगितले.

मग आपली माणसे उठत का नाहीत? नोकरी कंत्राटी असते. काही ठिकाणी लघवीला गेलेली मिनिटेही मोजली जातात. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण घरातही बोलत नाही. "कोट्यातून आलाय, काम टाळतोय" असे कोणी म्हणू नये म्हणून आपली मुले इतरांपेक्षा जास्त वेळ खुर्चीला चिकटून राहतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : आपली लायकी सिद्ध करण्यासाठी कंबर गहाण टाकू नका. अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठणे हा कामचुकारपणा नाही. एकट्याला मागायला संकोच वाटत असेल, तर चार सहकाऱ्यांनी मिळून साहेबांकडे मागावे.

उठायला खर्च लागत नाही. पाण्याची बाटली लहान ठेवा, म्हणजे ती भरायला उठावे लागेल. फोन उभ्याने घ्या. टेबलाला धरून पंधरा-वीस वेळा टाचा उचला. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. बसची वाट पाहताना, डबा खाल्ल्यावर दहा मिनिटे चाला. घरी पलंगावर वाकून लॅपटॉप चालवू नका. डब्यावर किंवा पुस्तकांवर ठेवून पडदा डोळ्यांसमोर आणा.

नोकरी करणाऱ्या भगिनींना "घरकाम हाच व्यायाम" असे सांगू नका. दिवसभर बसून आल्यावर ओट्यापाशी दोन तास उभे राहणे म्हणजे थकव्यावर थकवा. भांडी घरातल्या पुरुषांनी घासली, तर तिला अर्धा तास मोकळे चालता येईल. वस्तीच्या गल्ल्या अरुंद आहेत, रात्री दिवे नसतात. विहाराचे पटांगण संध्याकाळी एक तास चालण्यासाठी मोकळे ठेवावे, अशी विहार समित्यांना आमची विनंती आहे. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबच्या प्रवासाचे बळ, परिश्रमाची क्षमता, कमी आजार, खाल्लेले नीट पचणे आणि टिकणारी एकाग्रता. विहारात चालणे त्या जागेला शोभणारेच आहे.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, कमरेतून पायात कळ जाऊन पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मालिश करत बसू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिशी ओलांडलेल्यांनी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी तिथे मोफत होते.

शिकून मिळवलेली नोकरी निवृत्तीपर्यंत करायची आहे, आणि त्यानंतरही स्वतःच्या पायांनी चालत विहारात यायचे आहे. त्यासाठी उद्या ऑफिसात गेल्यावर अर्ध्या तासाने उठा.